हिऱ्यातला डाग

१९७४ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि घरात पैशांची ओढाताण चालली होती. वडील हयात नव्हते. बेळगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला दोनच वर्षे झाली होती, आणि त्या पगारात घर चालवून वर लग्न उभे करणे शक्य नव्हते. तेव्हा आईने आपणहून ट्रंकेच्या तळातली डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत तिच्या हिऱ्याच्या कुड्या होत्या. सात-सात खड्यांच्या. मध्ये एक मोठा खडा आणि भोवती सहा बारीक. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आज्जांनी, घातलेल्या. आज्जा अथणीकडचे, कृष्णाकाठचे. कापसाचा बेताचा व्यापार होता त्यांचा.

आम्ही दोघे शहरातल्या एका पेढीवर गेलो. सराफांनी कुड्या खिडकीच्या उजेडात धरल्या, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ एकेक खडा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, खडे पाणीदार आहेत. पण डाव्या कुडीतल्या मधल्या खड्यात डाग आहे. त्याची किंमत धरता येणार नाही. जोडीचीही मग कमीच धरावी लागेल." आईने काही घासाघीस केली नाही. कुड्या डबीत ठेवल्या, पदराला हात पुसले आणि "राहू दे" म्हणून उठली.

वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "आप्पांनी दोघी अक्कांना बघून-पारखून घातले. मी तिसरी. मला डागाचा."

लग्न सोसायटीच्या कर्जावर पार पडले. त्या कुड्या मात्र आईच्या कानांत पुन्हा कधी दिसल्या नाहीत. तोवर दिवाळीला आणि संक्रांतीला त्या हमखास बाहेर निघत असत. १९९१ मध्ये आई गेली. तिच्या मनातली ती कसर तिच्याबरोबर गेली की आमच्याजवळ राहिली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या एका बारीक ठिपक्याने मला एक प्रश्न मात्र दिला आणि तो मी आजवर वागवीत आलो आहे. डाग म्हणजे काय? दोष कशाला म्हणायचे, आणि तो कोणी ठरवायचा?

*

रत्ने पारखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिऱ्यांची पारख आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. रत्नशास्त्राच्या ग्रंथांनी हिऱ्याच्या दोषांना नावे दिली: बिंदू, रेखा, यव, काकपद. कावळ्याच्या पावलासारखी खूण ज्यात असेल तो हिरा घरात ठेवू नये, त्याने धनाची, आयुष्याची हानी होते, असे त्या शास्त्राचे सांगणे. गंमत अशी की, माणसांत मानलेले वर्णही या विद्येने दगडांना लावले. पांढरा हिरा ब्राह्मणाचा, तलवारीसारखा काळपट शूद्राचा, अशी वाटणी बृहत्संहितेतच आहे. दगडाला बिचाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. आपल्या मनातली उतरंड आपण त्याच्यावर चढवतो आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून ती निसर्गानेच घातली आहे असे म्हणतो.

आजच्या बाजारात काकपदाची भीती उरलेली नाही, पण पाहण्याची पद्धत तीच आहे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यायचे, आत काय काय दिसते त्याची यादी करायची आणि यादी जितकी लांब तितकी किंमत उतरवायची. काहीच दिसले नाही तर हिरा उत्तम. म्हणजे ही सारी पारख 'काय नाही' याची आहे. सराफाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला विकायचे असते, आणि घेणाऱ्याला निर्मळ खडा हवा असतो. त्याचा प्रश्न त्याच्या जागी बरोबर आहे. आईने त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच एका प्रश्नाला जोडले, तिथे घोटाळा झाला. त्याकडे मी पुढे येतो.

मुळात हिरा आहे काय? १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा जाळून दाखवून दिले की जळल्यावर त्यातून जो वायू निघतो तो तितक्याच वजनाच्या कोळशातून निघणाऱ्या वायूइतकाच असतो. हिरा म्हणजे कार्बन, दुसरे काही नाही. चुलीतल्या कोळशाचा आणि पेन्सिलीतल्या शिशाचा हा सख्खा भाऊ. अणू तेच, रचना वेगळी. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेला असतो, म्हणून तो इतका कठीण. कोळशाच्या खाणीत हिरा सापडतो अशी एक समजूत आपल्याकडे आहे आणि भाषणांतून ती फार चालते. ती खरी नाही. हिऱ्यांचा जन्म बहुतेक वेळा जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, काहींचा त्याहूनही कितीतरी खोल, झालेला असतो. तिथून ज्वालामुखीच्या एका खास प्रकारच्या उसळीबरोबर ते वर येतात. आपल्या दगडी कोळशाच्या थरांहून ते पुष्कळदा कितीतरी जुने असतात.

आणि शुद्ध म्हणावा तर तो जवळजवळ कधीच पुरता शुद्ध नसतो. कार्बनच्या रांगेत कुठेतरी नायट्रोजनचा अणू घुसतो, त्याच्यामुळे हिऱ्यावर पिवळी झाक येते. बोरॉन घुसला तर निळी. जमिनीच्या पोटातल्या दाबाने घडी पिळवटली गेली तर तपकिरी. शेजारच्या खडकातल्या किरणोत्सर्गाचा मारा झाला तर हिरवी. ज्या रंगांवरून जुन्यांनी दगडांच्या जाती पाडल्या, त्यातला बहुतेक रंग असा परक्याच्या वस्तीने किंवा सोसलेल्या माराने आलेला असतो.

*

१९८०च्या दशकात एका विज्ञान मासिकात मी एक लेख वाचला आणि आईच्या कुड्या आठवून हातातला चहा निवला. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली आणि फिन्श या खाणींतल्या हिऱ्यांचे वय शास्त्रज्ञांनी काढले होते. स्टीफन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम १९८४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले. वय निघाले तीनशे कोटी वर्षांहून अधिक. पृथ्वीचेच वय साडेचारशे कोटींच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हिऱ्याचे वय हिऱ्यावरून काढता येत नाही. खडकाचे वय काढायचे तर त्यात हळूहळू झिजणारी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये लागतात. निव्वळ कार्बनमध्ये या कामाला उपयोगी पडेल असे काही नसते. रेडिओकार्बनचे घड्याळ आहे, पण ते पन्नास-साठ हजार वर्षांत थकते. रिचर्डसन यांनी वय काढले ते हिऱ्यांच्या आत अडकलेल्या गार्नेटच्या बारीक तांबूस कणांवरून. हिरा घडत असताना शेजारचा कण त्याच्या पोटात राहून गेला. कार्बनच्या त्या अभेद्य भिंतीने त्याला कोट्यवधी वर्षे जसेच्या तसे सांभाळले. सराफाच्या यादीत तो कण म्हणजे डाग. भूगर्भशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो त्या हिऱ्यातला बोलणारा एकुलता एक साक्षीदार. निर्मळ हिरा किती का तेजस्वी असेना, आपले वय त्याला सांगता येत नाही.

त्यानंतर अशी उदाहरणे मी टिपून ठेवीत गेलो. ब्राझीलमधल्या जुइना भागातला, जेमतेम तीन मिलिमीटरचा एक तपकिरी हिरा. बाजारात त्याला कोणी विचारले नसते. त्याच्या आत ग्रॅहम पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा कण सापडला आणि २०१४ मध्ये ते जाहीर झाले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात पाचशे-सहाशे किलोमीटरवर असले पाहिजे असे प्रयोगशाळेतल्या कामावरून सांगितले जात होते. उल्कांतून ते सापडलेही होते. पण पृथ्वीच्या पोटातून आलेला त्याचा नमुना कोणाच्या हाती नव्हता. त्या कणाच्या घडणीत वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी बांधलेले निघाले. पृथ्वीच्या इतक्या खोल थरांत पाणी आहे, याचा पुरावा एका टाकाऊ हिऱ्याच्या डागाने दिला.

कोहिनूरसारखे जे मोठे, नितळ, नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे, त्यांचा जन्म कसा झाला हे कोडे पुष्कळ वर्षे सुटत नव्हते, कारण ते बोलतच नव्हते. ते काहीसे उलगडले २०१६ मध्ये, आणि तेही अशा जातीच्या हिऱ्यांना पैलू पाडताना कापून वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवरून. त्या तुकड्यांत लोह-निकेलचे बारीक कण निघाले. हे हिरे फार खोल, वितळलेल्या धातूच्या थेंबांत वाढले असावेत, असे त्यावरून कळले. शोभेसाठी जे कापून टाकले त्यातच हिऱ्याची जन्मकथा होती.

निळ्या हिऱ्यांची कथा मला सगळ्यांत आवडते. त्यांना निळे करतो तो बोरॉन. हे मूलद्रव्य पृथ्वीच्या वरच्या कवचात आणि समुद्राच्या पाण्यात आढळते, खोल थरांत अगदीच नगण्य. मग तिथे घडलेल्या हिऱ्यात ते आले कुठून? २०१८ मध्ये सेहेचाळीस निळ्या हिऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे सांगणे असे की, प्राचीन समुद्राचा तळ सरकत सरकत पृथ्वीच्या पोटात गेला आणि त्याच्याबरोबर समुद्रातला बोरॉनही खाली गेला असावा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात 'होप' नावाचा निळा हिरा आहे. टॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने सतराव्या शतकात हिंदुस्थानातून नेलेल्या हिऱ्यातून तो कापला गेला. तो मूळचा कोल्लूरच्या खाणीतला असे मानतात. कोल्लूर कृष्णेच्या काठी, आंध्रातल्या पलनाडू भागात. आता ती जागा पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली, आमच्या चिकोडी-अथणीवरून वाहत जाणारी तीच ही कृष्णा. लहानपणी मला खात्रीच होती की आज्जांना तो हिरा नदीच्या वाळूत सापडला. पुढे कळले की विसाव्या शतकापर्यंत आपल्या खाणी बहुतेक संपल्या होत्या आणि आज्जांच्या काळात बाजारात येणारे हिरे मुख्यतः आफ्रिकेचे. तेव्हा आईचा खडा किंबर्लीकडचाच असण्याचा संभव अधिक.

तो लेख वाचल्यावर एका रविवारी मी आईला न सांगता डबी शाळेत नेली आणि प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली डावी कुडी धरली. मधल्या खड्यात, एका पैलूच्या कडेला, तांबूस ठिपका होता. वाइनच्या रंगाचा, गोलसर. गार्नेटचाच तो, असे माझ्या मनाने तेव्हा घेतले ते अजून सोडलेले नाही.

*

दोष कोण ठरवतो, या प्रश्नाचे माझे दुसरे उदाहरण माणसाचे आहे. अण्णा मणी यांचे.

त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा १९१८चा जन्म. त्यांच्या घरी मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याची कर्णभूषणे देण्याची रीत होती. या मुलीने ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. योगायोग असा की, पुढे तिची उमेदीची वर्षे हिऱ्यांच्याच सहवासात गेली. १९४० मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्या दाखल झाल्या. रामन यांना हिऱ्यांचे वेड होते. त्यांनी शेकडो हिरे जमवले आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाला लावले. अण्णा मणी यांच्याकडे काम आले हिऱ्याच्या दीप्तीचे. काही हिऱ्यांवर विशिष्ट प्रकाश टाकला की ते स्वतः निळसर, हिरवट उजळतात. त्या मंद उजेडाचा वर्णपट छायाचित्राच्या काचेवर घ्यायचा. हिरा द्रवरूप हवेत गार ठेवायचा आणि एकेका नोंदीसाठी काच पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडी ठेवायची. रात्री प्रयोगशाळेत बसून त्यांनी तीसहून अधिक हिऱ्यांच्या नोंदी केल्या. १९४२ ते १९४५ या काळात पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

१९४५ मध्ये त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. कारण त्यांच्याजवळ एम.एस्सी. नव्हती, बी.एस्सी. ऑनर्स होती. प्रबंधातल्या कामात उणे काढले गेले नव्हते. उणे होते ते अर्जाच्या एका रकान्यात. तो प्रबंध आज रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पदवीवाचूनचा.

या कथेला आणखी एक पदर आहे, आणि तो रामन यांच्याविषयीचा आदर तसूभर न सोडता सांगितला पाहिजे. रामन यांचे मत असे होते की हिऱ्याची ही दीप्ती त्यातल्या परक्या अणूंमुळे नाही, ती हिऱ्याच्या स्वतःच्या घडणीत आहे. कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासारख्या नामवंतांशी हिऱ्याच्या रचनेवरून त्यांचा वाद झाला. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या कैसर आणि बाँड यांनी दाखवले की बहुसंख्य हिऱ्यांत नायट्रोजन चांगल्यापैकी प्रमाणात असतो, काहींत हजार अणूंमागे दोनपर्यंत. बंगळूरला काचांवर उमटलेली ४१५ नॅनोमीटरजवळची ठळक रेघ म्हणजे रिकाम्या जागेभोवती बसलेल्या तीन नायट्रोजन अणूंची सही, हे पुढे स्पष्ट झाले. ज्याला अशुद्धता म्हणून बाजूला सारले, उजेड त्याचाच होता. गुरूचे मत मागे पडले, विद्यार्थिनीने रात्री जागून घेतलेली नोंद टिकली.

अण्णा मणी यांनी पदवीसाठी रडगाणे गायले नाही. इंग्लंडला जाऊन त्या हवामानशास्त्राच्या उपकरणांकडे वळल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, आणि पाऊस, वारा, ऊन मोजणारी उपकरणे देशात बनवण्याचा पाया त्यांनी घातला. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि २००१ मध्ये वारल्या. त्यांचे पुढे चांगले झाले म्हणून विद्यापीठाचा निर्णय योग्य ठरत नाही. पण त्या निर्णयात मला पेढीवरचे भिंग दिसते. काय आहे हे न पाहता काय नाही एवढेच पाहणारे.

*

इथे एखादा वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल, मास्तर, तुमच्या म्हणण्याने तर जगात दोष नावाची वस्तूच राहत नाही. प्रत्येक डाग कोणाच्या तरी दृष्टीने गुण. मग चोराने म्हणावे, माझ्या चोरीतही समाजशास्त्राला अभ्यासायला मिळते.

आक्षेप बरोबर आहे. सगळे डाग सारखे नसतात. हिऱ्यात अडकलेला कण वेगळा आणि हिऱ्यातली चीर वेगळी. चीर कडेपर्यंत पोचलेली असेल तर एका ठोक्याने हिरा दुभंगतो. ती सराफाच्या मताने दोष आहे असे नाही, ती हिऱ्याच्या हिरेपणाच्याच मुळावर आहे. माणसातही असेच. घडणीत मिसळून आलेले आणि मोडतोड करणारे यांत फरक करावा लागतो, आणि तो दर वेळी नव्याने करावा लागतो. त्याला भिंग नाही, यादी नाही.

काही डाग तर असे की हिरा निर्मळ असून ते असतात. अंगोला आणि सिएरा लिओन या देशांत १९९०च्या दशकात बंडखोर टोळ्यांनी हिरे विकून शस्त्रे घेतली, हजारो माणसे मारली, हातपाय तोडले. त्यातला एखादा खडा दहा पटींच्या भिंगाखाली अगदी स्वच्छ दिसला असेल. तो थांबवायला २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया नावाची दाखल्यांची पद्धत आली, तिच्यातही फटी आहेतच. सांगायचे ते एवढेच की, सर्वांत मोठा दोष ज्या तपासणीत दिसतच नाही, ती तपासणी करून आपण निःशंक होतो.

आणि खरे-खोटे? गेल्या वर्षी बहिणीच्या नातीने आपल्या साखरपुड्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याची अंगठी पसंत केली. बहीण अस्वस्थ झाली. "खोटा हिरा घालून उभी राहणार होय गं?" मुलीने माझ्याकडे पाहिले. मला खरे तेच सांगावे लागले. असा हिरा खोटा नाही. काचेचा तुकडा खोटा, कारण तो हिरा नव्हेच. हा मात्र कार्बनच आहे, रचनाही तीच. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४च्या डिसेंबरात प्रचंड दाब आणि उष्णता देऊन असे हिरे केले गेले आणि पुढच्या वर्षी ते जाहीर झाले. त्याआधी १९५३ मध्ये स्वीडनमध्ये ते साधले होते, पण त्यांनी गाजावाजा केला नाही. आता मिथेनसारख्या वायूतून थरावर थर चढवूनही हिरा वाढवतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. मात्र घडवलेला असेल तर तसे उघड सांगितले पाहिजे, हे बंधन ठेवले. मला ते न्याय्य वाटते. खोटेपणा दगडात नसतो, दगडाविषयी बोलणाऱ्याच्या तोंडी असतो.

मग दोघांत काही अंतरच नाही का? आहे, आणि ते कळते पुन्हा अशुद्धतेवरूनच. जमिनीच्या पोटातल्या हिऱ्यात सुटे सुटे पडलेले नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेत मुंगीच्या पावलांनी सरकत एकमेकांजवळ येतात, त्यांच्या जोड्या, मग मोठे गट होतात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला तेवढा अवधी मिळालेला नसतो. तपासणारे तज्ज्ञ इतर खुणांबरोबर हेही पाहतात. म्हणजे काळ गेल्याची खूण उरते ती उपऱ्यांच्या वस्तीत. तीनशे कोटी वर्षे जमिनीत पडून राहणे हे काही हिऱ्याचे कर्तृत्व नव्हे, आणि तीन आठवड्यांत घडणे हा गुन्हा नव्हे. जुन्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, नव्याजवळ अजून नाही, इतकाच फरक. पोरीला अंगठी हवी होती, तिने ती काय आहे हे सांगून घातली. माझ्या मते तिने काही चुकीचे केले नाही.

*

आपण सीमेवरची माणसे. शुद्ध-अशुद्धाचा हा काच आपल्या परिचयाचा आहे. कॉलेजच्या दिवसांत मी वर्षभर पुण्यात राहिलो. तिथे माझे बोलणे ऐकून सोबतचे हसत. "तुझ्या मराठीत कानडीचा डाग आहे," असे एकाने म्हटलेले आठवते. मी वर्षभर जपून, भिंगातून पारखल्यासारखे बोललो आणि त्यामुळे फारसा बोललोच नाही. पुढे कळले की हसणारे ज्याला अण्णा म्हणत, जिला अक्का म्हणत, पानात जे तूप वाढून घेत आणि आजोबांच्या पानाच्या डब्यात जो अडकित्ता असे, ते सारे शब्द कानडीच्या शेजारातून आलेले. भाषा घडत असताना आत राहिलेले कण. ते काढून टाकले तर मराठी निर्मळ होईल कदाचित, पण ती कुठे घडली आणि कोणाच्या शेजाराने राहिली हे सांगणारे काही तिच्यात उरणार नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या कानडीतही आपले शब्द असेच जाऊन बसले आहेत. यात भांडणाचे प्रश्न नाहीत असे मी म्हणत नाही. ते आहेत, आणि ते न्यायाने सुटावेत. पण शेजाराला डाग म्हणून ते सुटणार नाहीत.

आता आईकडे येतो. मी आधी म्हटले की तिने एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला जोडले. सराफाने सांगितले होते ते खड्याच्या किमतीविषयी. तिने ऐकले ते बापाच्या मायेविषयी. आज्जांना तो ठिपका दिसला होता की नाही, तीन लेकींत त्यांनी फरक केला की तिसऱ्या वेळी हातात तेवढेच होते, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नाही. गार्नेटचा कण हिऱ्याचे वय सांगेल. अथणीच्या एका व्यापाऱ्याच्या मनात काय होते ते तो सांगणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने तरी ही मर्यादा ओळखली पाहिजे.

मग मला बोचते काय? मला बोचते ते हे की, त्या रविवारी शाळेतून डबी परत आणून मी ट्रंकेत गुपचूप ठेवली. आई स्वयंपाकघरात होती. तो विषय काढून तिला पुन्हा कशाला दुखवा, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर एवढेच म्हणायचे होते, "आई, तो डाग नव्हे. दगड घडतानाचा सोबती आहे तो. आणि त्यावरून आप्पांची पारख होत नाही." ती हसली असती किंवा गप्प बसली असती. तिला ते पटले असते असे मी म्हणत नाही. पण तिच्यापुढे ते ठेवणे माझे काम होते. त्यानंतरही काही वर्षे ती होती. मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलले.

हिऱ्यापोटी गारगोटी अशी म्हण आहे. लेकरू निपजले नाही की ती वापरतात. मला ती अलीकडे स्वतःविषयी आठवते. त्या गोष्टीत चीर म्हणावी असे काही असेल तर ती खड्यात नव्हती. ती आमच्या गप्प बसण्यात होती, तिच्या आणि माझ्याही.

कुड्या सध्या बहिणीकडे आहेत. नातीच्या लग्नात त्या तिच्या कानांत असतील, बोटात नवी अंगठी असेल. बहिणीने परवा विचारले, विमा उतरवायचा तर किंमत काय लिहायची? मी म्हटले, सराफ सांगेल ती लिही. डाव्या खड्यामुळे थोडी कमी येईल.